अडतीस टक्के : ठाण्यातल्या एका कॉलेजप्रवेशाचं प्रकरण

कळव्याची मुलगी, बारावी कॉमर्स, ७१ टक्के. जून २०२४ मध्ये तिने ठाणे पश्चिमेच्या एका अनुदानित कॉलेजात बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्ससाठी अर्ज केला. कॉलेज अनुदानित, पण हा कोर्स सेल्फ फायनान्सचा, म्हणजे अनुदानाशिवाय फीवर चालणारा; हा फरक पुढे कामाला येतो. दुसऱ्या मेरिट लिस्टमध्ये खुल्या गटातून नाव लागलं, फी भरली, ॲडमिशन पक्की झाली. आरक्षण तिने मागितलं नव्हतं, तिला त्याची गरजही पडली नाही. तरी हे प्रकरण दिवाळीपर्यंत चाललं. जागा मिळणं आणि त्या जागेवर बसून शिकता येणं या दोन गोष्टी कॉलेजच्या फॉर्मवर एकाच चौकटीत कोंबलेल्या होत्या, त्यामुळे.

मी विशेष शिक्षक. ठाणे-कळवा भागातले पालक कागदपत्रं घेऊन येतात, त्यांना अर्ज लिहायला मदत करतो. या प्रकरणात माझा शिरकाव ऑगस्टमध्ये झाला. आधीचं आईवडिलांकडून आणि त्यांच्या फाइलीतून कळलेलं आहे. मुलीचं आणि कॉलेजचं नाव देत नाही.

तिला जन्मतः सेरेब्रल पाल्सी आहे. उजवी बाजू कमजोर. थोडी लंगडत चालते, पण चालते. जिन्यावर डाव्या हाताला कठडा लागतो, आणि बहुतेक जिन्यांना कठडा एकाच बाजूला असल्यामुळे चढताना जमलं तर उतरताना अडतं. लिहिते डाव्या हाताने. लिहिणं हे एका हाताचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसरा हात पाठीमागे ठेवून तासभर लिहून पाहावं. कागद सरकतो, पट्टी धरता येत नाही, पुरवणी बांधता येत नाही. हिच्या बाबतीत आणखी एक : जोर लावून लिहायला लागली की उजवा खांदा आणि मूठ आखडत जाते, बसणं वाकडं होतं आणि अर्ध्या-पाऊण तासानंतर वेग पडतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय मंडळाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे : कायमस्वरूपी, ३८ टक्के. शाळेत बाईंनी सांभाळून घेतलं. बोर्डाच्या पेपरांत मात्र शेवटचा प्रश्न बहुधा राहून जायचा. ७१ टक्के आले ते असे.

खिडकीवर काय झालं

कॉलेजच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये दिव्यांगत्वाबद्दल एकच प्रश्न होता : चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व आहे का? हो किंवा नाही. 'हो' म्हटलं की टक्के विचारायचे, ३८ टाकलं की पुढचं पान उघडायचं नाही. मोठ्या भावाने रात्री बसून फॉर्म भरला होता. त्याने 'नाही' केलं. दुसरं काय करणार?

कागद तपासायच्या दिवशी आईने फाइलमध्ये प्रमाणपत्राची झेरॉक्स घातली, कॉलेजला माहीत असलेलं बरं म्हणून. खिडकीवरच्या क्लार्कने ती बाहेर काढली. "ताई, फॉर्मला 'नाही' आणि फाइलला सर्टिफिकेट, असं चालत नाही. नंतर अडकतं. आणि चाळीसच्या खाली आहे, म्हणजे दिव्यांगमध्ये बसतच नाही." आईने झेरॉक्स पिशवीत परत ठेवली. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "दोन टक्क्यांनी आपली पोरगी धडधाकट झाली म्हणायची."

क्लार्कला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर रांग होती, फॉर्मला एकच चौकट होती, आणि त्याने चौकटीप्रमाणे काम केलं. त्याच्या डोक्यातला चाळीसचा आकडा कुठून आला हे मात्र पाहण्यासारखं आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात 'दिव्यांग व्यक्ती'ची व्याख्याच 'किमान चाळीस टक्के' अशी होती. त्याखालच्या माणसाची त्या कायद्याला ओळखच नव्हती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने ती एक व्याख्या फोडून दोन केल्या. पहिली दिव्यांग व्यक्तीची : दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव, जी आजूबाजूच्या अडथळ्यांशी गाठ पडली की माणसाला इतरांच्या बरोबरीने सहभागी होऊ देत नाही. हिच्यात टक्के नाहीत. दुसरी 'बेंचमार्क' दिव्यांगत्वाची, तिथे चाळीस टक्के आहेत. कायद्याला ही दुसरी व्याख्या लागते ती मुख्यतः मोजून वाटायच्या गोष्टींसाठी : शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूट, सरकारी नोकरीत ४ टक्के.

वाढीव वेळ, लेखनिक (परीक्षार्थीने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा), खालच्या मजल्यावरचा वर्ग हे त्या वाटपात येत नाही. कायदा त्याला वाजवी सोय म्हणतो. कलम १६ प्रमाणे सरकारी पैसा घेणाऱ्या किंवा सरकारमान्य अशा शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे ती द्यायची आहे. 'मान्य' हा शब्द महत्त्वाचा, कारण 'सेल्फ फायनान्सला हे लागू नाही' हे वाक्य आम्हाला पुढे ऐकावं लागलं. शिवाय वाजवी सोय नाकारणं हा भेदभावाचाच एक प्रकार आहे, असं कायद्याच्या व्याख्येत सरळ लिहिलेलं आहे.

म्हणजे कायदा बदलून सात वर्षं झाली होती, फॉर्म अजून जुन्या कायद्यावर चालत होता. नव्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार कॉलेजला ठाऊक होते, आरक्षण ३ चं ५ टक्के झाल्याचंही ठाऊक होतं. व्याख्या दोन झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चौथा मजला, आणि ऑगस्टमधली टेस्ट

वर्ग चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण 'फक्त स्टाफसाठी', आणि किल्ली शिपायाकडे. पहिले काही आठवडे मुलगी जिना चढून गेली, सकाळच्या पहिल्या लेक्चरला उशिरा पोचली आणि हजेरीत मार खाल्ला. कळवा ते ठाणे एकच स्टेशन. गाडीतून उतरून पूल, पुलावरून बाहेर, मग रिक्षा, मग हे चार मजले. मे महिन्याच्या शेवटी रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ठाण्याचा पाच नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद केला होता. तिचं म्हणणं, तिच्यासाठी अख्ख्या प्रवासातली ती एकच गोष्ट सोपी झाली, आणि तिच्यासाठी म्हणून केलेली नव्हती.

ऑगस्टमध्ये अंतर्गत टेस्ट लागली. वडिलांनी जादा वेळ मागणारा अर्ज केला. मी तो नंतर वाचला. पानभर अर्ज, त्यात मुलीच्या जन्मापासूनची हकीकत, शेवटी 'तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती'. काय हवंय, किती हवंय, कशाच्या आधारावर हवंय, यातलं काहीच नाही. इनवर्डचा शिक्काही नाही, कारण अर्ज शिपायाच्या हातात दिला होता. परीक्षा विभागाने तोंडी उत्तर दिलं : तुमच्या ॲडमिशन फॉर्मवर 'दिव्यांग : नाही' आहे, आता मध्येच कसं बदलणार?

टेस्ट तशीच झाली. अकाउंट्सच्या पेपरात पंधरा मार्कांचं गणित कोरं राहिलं.

"चाळीस करून आणा"

या टप्प्यावर घराला सल्ले मिळू लागले. नातेवाईक, फिजिओथेरपीला भेटणारे पालक, शेजारचे एक निवृत्त साहेब. सगळ्यांचा सल्ला एकच : प्रमाणपत्र पुन्हा काढा, चाळीस करून आणा. दोनच टक्के आहेत, कुणी नाही म्हणणार नाही. ठाण्यात जमलं नाही तर गावच्या पत्त्यावर काढा.

यावर जरा थांबायला हवं, कारण अशी बरीच घरं याच वळणावर चुकतात. त्याच जुलैत पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रांवरून राज्यभर गदारोळ चालला होता. रोज बातम्या, रोज चर्चा. ज्याच्या हातात प्रमाणपत्र दिसेल त्याच्याकडे 'खरं आहे ना?' अशा नजरेने बघायचे दिवस होते ते. वडील सिव्हिलला चौकशीला गेले तेव्हा तोंड उघडायच्या आतच त्यांना विचारलं गेलं, "टक्के वाढवून पाहिजेत का?" ते ओशाळून परत आले. मुलगीच शेवटी म्हणाली की ३८ ला मी खोटी ठरत नाही, मग ४० करायला कशाला जायचं? तिच्या या प्रश्नाला कायद्याचा पूर्ण पाठिंबा होता, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

टक्के काढायची पद्धत पाहिली तर हे जास्त स्पष्ट होतं. हातापायांचं दिव्यांगत्व मोजताना सांध्यांची हालचाल किती, स्नायूंची ताकद किती, हाताने कोणत्या क्रिया जमतात, असं पाहून बेरजा केल्या जातात. अडीच तासांच्या पेपरात दुसऱ्या तासाला काय होतं, हे त्या टेबलावर कुणी मोजत नाही. तो त्या मोजणीचा उद्देशही नाही. ३५ टक्केवाल्याला लेखनिक लागू शकतो आणि ७० टक्केवाल्याला लेखनासाठी काहीच लागणार नाही, असं सहज होतं. पायाने अधू असलेला, पण झरझर लिहिणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतो.

सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच मुद्दा आला होता. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, निकाल ११ फेब्रुवारी २०२१. उमेदवाराला 'रायटर्स क्रॅम्प', लिहिताना हात आखडण्याचा आजार. बेंचमार्क दिव्यांगत्व नाही म्हणून आयोगाने लेखनिक नाकारला. न्यायालयाने सांगितलं की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या तरतुदींपुरती आहे, ती वाजवी सोयीवर लादता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने चाळीस टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली : ठरावीक नमुन्यात वैद्यकीय दाखला, आणि दर तासाला किमान २० मिनिटं भरपाई वेळ. दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, अडीच तासांच्या पेपरला ५०. चाळीस टक्क्यांवरच्यांसाठी हाच हिशोब २०१८ च्या तत्त्वांत आधीपासून होता.

वडिलांनी सिव्हिलला दुसऱ्यांदा जाताना या नमुन्याची प्रत बरोबर नेली. टक्के नकोत, 'लिहिण्यात अडचण आहे' एवढा दाखला हवा, असं सांगितल्यावर तिथला सूरच बदलला. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळासमोर तारीख मिळाली. (जुनी इमारत पाडून नवी बांधायचं काम सुरू असल्याने सिव्हिल तेव्हा मनोरुग्णालयाच्या आवारात हललं होतं, पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास जुन्या जागी जाऊन परत यायचा.) ऑक्युपेशनल थेरपिस्टने मुलीला सलग लिहायला बसवलं, वेग कसा पडत जातो ते पाहिलं आणि तसं लिहून दिलं. माझ्या मते सगळ्या फाइलीतला सर्वांत कामाचा कागद हाच.

दुसरा अर्ज

दुसरा अर्ज एका पानाचा होता. जन्माची हकीकत काढून टाकली, 'सहानुभूती'ही काढली. वर मागण्या, प्रत्येक मागणीपुढे ती का लागते याचं एक वाक्य, खाली कलमं आणि २०२२ च्या तत्त्वांचा उल्लेख, सोबत दाखला. आणि एक जोडपत्र, ज्याचं श्रेय मुलीच्या भावाला. त्याने कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करून मानांकन देणारी राष्ट्रीय संस्था) सादर केलेला स्वयं-अध्ययन अहवाल डाउनलोड केला. नॅकच्या सातव्या निकषात दिव्यांगस्नेही वातावरणाबद्दल विचारलेलं असतं : रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, फलक, वाचक आणि लेखनिक. कॉलेजने सगळ्यांपुढे 'उपलब्ध' लिहिलं होतं, लिफ्टचा फोटोसुद्धा जोडला होता. ते पान अर्जामागे लावलं. त्यावर एक शब्दही लिहिला नाही.

या वेळी आवक-जावक खिडकीवर अर्ज दिला, पोच घेतली, एक प्रत प्राचार्यांना ईमेल केली. चार दिवसांत भेटीला बोलावणं आलं.

बैठकीत उपप्राचार्या होत्या, परीक्षा समितीचे प्रमुख होते, आईवडील, मुलगी आणि मी. परीक्षाप्रमुखांचे आक्षेप तीन होते आणि मला ते प्रामाणिक वाटले. पहिला, विद्यापीठाची परवानगी लागेल. पण पहिल्या वर्षाच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेतं, अंतर्गत टेस्ट तर पूर्णपणे कॉलेजची, हे त्यांनाच आठवलं आणि तो मुद्दा त्यांनीच सोडला. दुसरा, कोर्स सेल्फ फायनान्सचा आहे. कलम ३२ चं आरक्षण आणि कलम १६ ची सोय यांतला फरक त्यांना दाखवला. तिसरा : "उद्या सगळेच मागतील, मग?" उपप्राचार्याबाई म्हणाल्या, "सगळे मंडळासमोर बसून दाखला आणणार असतील तर मागू देत की, सर." त्यावर विषय पुढे गेला.

कुणी तिला विचारलं नव्हतं

खरी अडचण आमच्याच अर्जात निघाली. मागण्यांमध्ये पहिली होती 'सर्व पेपरांना लेखनिक'. आईवडिलांना तेच सर्वांत मोठं आणि सर्वांत सुरक्षित वाटलं होतं. परीक्षाप्रमुख मान्य करायच्या बेतात होते, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मला अकाउंट्सला रायटर नको."

आईने तिच्याकडे चमकून पाहिलं. मुलीने शांतपणे सांगितलं की थिअरीचे पेपर ती सांगेल आणि कुणी लिहून घेईल, हे जमण्यासारखं आहे. कम्युनिकेशन, अर्थशास्त्र, तिथे चालेल. पण खतावणीत, ताळेबंदात आकडा कुठल्या रकान्यात जातो हे ती लिहिता लिहिता ठरवते. नावे बाजूला घातलेली रक्कम जमा बाजूला दिसली नाही की डोळा आपोआप मागे जातो आणि चूक सापडते. दुसऱ्याला 'डावीकडे तिसऱ्या ओळीत चौदा हजार पाचशे, नाही, वरच्या ओळीत' असं सांगत बसलं तर हिशोब तोंडी होतो आणि तो तिला येत नाही. तिचा वेळ खरा कशात जातो? रकाने आखण्यात. एका हाताने पट्टी धरायची आणि त्याच हाताने रेघ मारायची. एका गणिताला तीन-चार तक्ते, प्रत्येकाला सहा-सात रेघा. तिला हवे होते छापील रकान्यांचे कोरे कागद आणि जादा वेळ.

परीक्षाप्रमुख स्वतः अकाउंट्स शिकवणारे. ते हसायला लागले. कीर्द, खतावणी, ताळेबंद यांचे छापील रकान्यांचे कागद विभागात गठ्ठ्याने पडलेले होते, प्रॅक्टिससाठी आणलेले. त्यांवर परीक्षा विभागाचा शिक्का आणि पर्यवेक्षकाची सही असली की उत्तरपत्रिकेला पुरवणी म्हणून जोडता येतील, असं तिथेच ठरलं. खर्च शून्य.

इतकी वर्षं तिच्यासाठी मागणाऱ्यांत आईवडील होते, शाळेतल्या बाई होत्या, अलीकडे मी होतो. रेघा मारण्याचा प्रश्न आमच्यापैकी एकालाही दिसलेला नव्हता. लेखनिक ही सर्वांना माहीत असलेली सोय, म्हणून तीच मागितली जाते आणि तीच दिली जाते. डिस्लेक्सियाच्या मुलाला, एका हाताने लिहिणाऱ्या मुलीला, दृष्टी क्षीण असलेल्याला, सगळ्यांना एकच औषध.

वर्गाचा प्रश्न त्यामानाने पटकन सुटला. वेळापत्रक समितीने तिची तुकडी पहिल्या मजल्यावरच्या खोलीशी अदलाबदल करून खाली आणली. एका प्राध्यापकांनी प्रोजेक्टर नसल्याची कुरकुर केली, ती रास्त होती. दोन तास अजून वर चौथ्या मजल्यावरच होतात. त्या दोन तासांसाठी लिफ्टची परवानगी लेखी मिळाली. 'स्टाफसाठी' ही पाटी तशीच आहे.

जे परत मिळालं नाही

ऑगस्टची टेस्ट पुन्हा घ्यावी अशीही मागणी होती. ती नाकारली गेली : निकाल लागला, सगळ्यांचे गुण चढले. आम्ही फार ताणलं नाही. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जायचा मार्ग होता, पण घराला आणखी एक लढाई नको होती. न्यायालयांचाही अनुभव असाच आहे. २०२१ च्या नीटमध्ये मुंबईच्या केंद्रावर डिसग्राफिया (लिहिण्यात अडचण येणारं दिव्यांगत्व) असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा एक तास जादा मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच नोव्हेंबरमध्ये परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला कडक शब्दांत सुनावलं, नुकसानीवर उपाय शोधायला सांगितलं. फेरपरीक्षा मात्र दिली नाही. सोय उशिरा मिळाली की मधला पेपर गेलेलाच असतो. म्हणून ती मागायची जागा ॲडमिशनची खिडकी आहे, परीक्षेचा आठवडा नाही.

सत्राच्या परीक्षेत तिने अकाउंट्सचा पेपर पूर्ण सोडवला. गुण किती पडले हे ती सांगत नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या जूनमध्ये कॉलेजने आपल्या फॉर्मवर दुसरा प्रश्न टाकला : वर्गात, प्रवासात किंवा परीक्षेत काही सोय लागते का? लागत असल्यास थोडक्यात लिहा. टक्क्यांचा रकाना नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असलं तरी हा उघडतो. दरम्यान ३ फेब्रुवारी २०२५ ला गुलशन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा स्पष्ट केलं की बेंचमार्कची अट न लावता सर्व दिव्यांग उमेदवारांना लेखनिकासारख्या सोयी मिळायला हव्यात, त्यामुळे परीक्षाप्रमुखांची धाकधूकही कमी झाली. उपप्राचार्याबाईंनी सांगितलं की नव्या प्रश्नाला उत्तरं येतात ती बहुतेक अशा मुलांची, ज्यांच्याकडे कसलंच प्रमाणपत्र नाही : इन्सुलिन घेणारा मुलगा, एका कानाने ऐकू न येणारी मुलगी, जिला फक्त पुढच्या बाकावर उजवीकडे बसायचं आहे. त्यांच्यापैकी कुणाला दाखला मागायचा आणि कुणाला नुसतं 'बस पुढे' म्हणायचं, यावर कॉलेजात अजून वाद आहे.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षा विद्यापीठाच्या, त्यामुळे तिथे सगळं नव्याने मागावं लागणार. वडिलांनी त्याचा अर्ज आताच तयार करून ठेवलाय. छापील रकान्यांच्या कागदाचा एक नमुना त्याला टाचलेला आहे.